डबीवरचा देश

डबी उघडली की वरच्या रांगेचे सहा,
तांबड्या मेणाच्या पट्टीवर टोचलेले.
खाली बारीक अक्षरांत देशाचं नाव,
जे मला चार वर्षं वाचताच आलं नाही.

आमच्यात आजोबांपर्यंत सगळे भोपळ्याला कान लावायचे.
कानस तीच. तंबोऱ्याऐवजी दाढा.
मिरजेत, दवाखान्यांच्या बोळात, दुसरा मजला.

बिरनाळे बाई रंग जुळवायला आल्या. भूगोलाच्या.
डबी पालथी करून बघितली
नि हसल्या, सगळ्या हिरड्यांनी.
"दस्तगीर, केवढा देश माहितीय?
आरगेला सायकलनं जातोस ना, तेवढ्यात संपतो.
समुद्र नाही. शेजाऱ्यांनाही नाही.
संस्थानच म्हण, थोरल्या पातीसारखं,
विलीन व्हायचं राहून गेलेलं.
फौज होती. ऐंशी जण गेले लढाईला
आणि एक्क्याऐंशी परत आले, म्हणतात.
वाटेत कुणाशी तरी मैत्र जमलं."

नाव मात्र तीनदा घेतलं
आणि तिन्ही वेळा नुसती फुंकर बाहेर आली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी कवळी बसवली.
त्या घरी न जाता जिना चढून वर.
दम खाल्ला. आरसा नको म्हणाल्या.
जीभ आतून एकदा फिरवली, हद्द तपासावी तशी,
आणि नकाशासमोर छडी घेऊन उभं असल्यागत :
लिख्टेनश्टाइन.

सगळी अक्षरं जागच्या जागी.

मग तोंड मिटताना दातावर दात टेकले
तेव्हा मला ऐकू आलं,
उजवीकडची दाढ केसभर उंच आहे.
ते मी उद्यावर टाकलं.