सातवा रकाना

प्रशिक्षणातून आलेल्या तक्त्यात
सातवा रकाना असा :
‘विद्यार्थ्यांची अध्ययन-प्रेरणा वाढवण्यासाठी केलेले उपक्रम.’
जागा दोन ओळींची.
मी जतहून सकाळच्या एसटीनं येते,
फाट्यावर उतरून बाभळींमधून दीड किलोमीटर,
चालता चालता त्या दोन ओळी भरते,
आणि शाळेच्या फाटकापाशी खोडते.

साडेअकराला नीलव्वा फोडणी देते.
मोहरी तडतडली की
दुसरीच्या ओळीतली डोकी
वाऱ्यानं शाळू कलावा तशी
एकदम खिडकीकडं.
पहिल्या वर्षी मी फळा उलट्या भिंतीला नेला.
मग ती पाठमोरी बसून हुंगायची.
क कमळाचा म्हटलं
तरी क कांद्याचा.

बिराप्पा तेवढ्यापुरताच यायचा.
साडेबाराला, काठाशी चेमटलेली ताटली घेऊन.
खायचा, ताटली धुवायचा, आणि
मेंढरांमागं माळावर पसार.
हेडमास्तर म्हणायचे, हा शिकायला नाही, गिळायला येतो.
मीही मान हलवायचे.
मान हलवायला काय लागतं;
माझा डबा पिशवीत असायचा,
सकाळचे पोहे पोटात.

त्याला अडवलं ते नीलव्वानं.
चार महिन्यांचं मानधन थकलेली नीलव्वा,
पदरानं पातेलं उतरवत म्हणाली,
‘बिऱ्या, आधी ताटल्या मोज, मग भात.
कमी पडला तर माझ्या नावानं शिमगा.’
तो मोजू लागला, घरच्या भाषेत.
ओंदु, एरडु, मूरु…
ओळीतून चालत, बोटानं एकेका डोक्याला शिवत,
हत्तोंबत्तु.
एकोणीस.

दुसऱ्या दिवशीही मोजल्या.
तिसऱ्या दिवशी तो अकरालाच येऊन बसला,
कामावर वेळेत यावं तसा.

मग मराठीतले आकडे आले,
वजाबाकी आली, कारण
कोण तापानं झोपलंय ते आधी त्यालाच कळायचं.
शंभर ग्रॅम गुणिले एकोणीस :
पहिल्यांदा त्यानं एक शून्य खाल्लं.
नीलव्वाला लिहिता येत नाही,
पण एकशे नव्वद ग्रॅमनं
पातेल्याचा तळ झाकत नाही हे तिला कळतं.
तिनं डोळे वटारले.
त्यानं शून्य परत ठेवलं.

आणि एका गुरुवारी
नोंदवहीवर त्याची नजर गेली.
‘बाई, हितं एकवीस का?’

सुमित्रा आणि तिचा भाऊ दिवाळीआधीच गेलेत,
शिरोळकडं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर.
मी रोज त्यांना हजर मांडते.
वीसच्या खाली गेलं की
शाळा कागदावरून उचलतात म्हणे,
चार किलोमीटरवर नेऊन ठेवतात,
आणि फोडणीचा वास चार किलोमीटर जात नाही.
हे सगळं सांगता आलं असतं.
मी म्हटलं, ‘जागेवर बस.’

तो बसला.
पण जेवणाच्या वेळी
कपाटातल्या दोन जादा ताटल्या काढून
ओळीच्या शेवटी मांडल्या त्यानं.
कुणी हसलं नाही.
नीलव्वा डाव घेऊन पुढं सरकत आली,
थांबली,
दोन्हींत थोडा थोडा भात घातला,
माझ्याकडं न बघता.

तो भात कुणी खाल्ला
मी पाहिलं नाही. वर्गात जाऊन
खडूचे तुकडे डब्यात भरत बसले.

केंद्रप्रमुखांचे दोन फोन येऊन गेले.
सातवा रकाना कोरा.
आज नोंदवही उघडली,
शाईऐवजी पेन्सिल घेतली, आधी एकोणीस लिहिलं,
बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले,
मग बिराप्पाला खोडरबर मागितला.

त्यानं दप्तरातून काढला,
मुठीत धरला,
आणि विचारलं,
‘कशाला, बाई?’