उरलेलं रक्त

दोऱ्याचं एक टोक माझ्या दातांत असतं
म्हणून बायका मला सगळं सांगतात.
चाळीस नंबरचा दोरा, पांढरा.
घणसोली गावठाण, पिठाच्या गिरणीच्या वर
एक खुर्ची, एक आरसा, आणि मी गप्प.
हूं एवढंच करता येतं.
तेवढं पुरतं.

वैशाखात ती आली. सु-जिन.
नवरा रबाळे एमआयडीसीत कसल्याशा मशीनवर साहेब.
भुवया नकोत, हातानंच म्हणाली,
कपाळावर केसांच्या कडेनं बोट फिरवलं,
मग फोनशी बोलली आणि फोन मराठीत म्हणाला,
आजीच्या गावात नवरीचा चेहरा दोऱ्याने उघडत असत.
उघडत.
दिवसभर तो शब्द घेऊन बसले.

पुढच्या खेपेला हनुवटी दाखवली.
सात केस. काळे, राठ.
तिकडच्या वैद्यानं तीन बोटांनी नाडी पाहिली होती,
उपटायचं मग बघू, आधी काढा घे,
केस म्हणजे रक्ताचं उरलेलं.
फोननं हे असं सांगितलं
जसं सिलिंडरचं बुकिंग झालं.

आमचे नौपाड्याचे वैद्य म्हणाले होते, हाडांचा मळ.
मी अठ्ठावीसची. शेजारी सासूबाई.
तेव्हापासून रोज पहाटे, दिवा न लावता,
चिमट्यानं, चाचपत.

तिनं पाहिलंच असणार.
उठली. मला खुर्चीत बसवलं.
बोटानं पावडर लावली,
(आजी राख लावायची, फोन म्हणाला)
दोरा तोडला, टोक दातांत धरलं.
आता ती गप्प
आणि माझं तोंड मोकळं,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, या खोलीत.

काय बोलले?
सासूबाई सगळ्यांदेखत काय म्हणायच्या, ते नाही.
गिरणीचा पट्टा तुटला, सुकटीचा भाव,
मयुरेशला गणितात किती पडले.
मग आई.
शेवटी कळवा हॉस्पिटलात तिची हनुवटी पाहिली,
पांढरे केस, बोटभर,
जन्मभर कुणाला दिसू दिले नव्हते तिनं.
माझ्या पर्समध्ये दोरा होता.
मी काढला नाही.

हे सगळं मराठीत. फोन पालथा पडलेला.
हूं, ती म्हणाली.

संध्याकाळी झाडलं.
सुपलीत भोईरांची सून, बँकेतली शर्वरी,
सु-जिन, मी,
कुणाचं कुठलं कळत नाही.
खाली गिरणी सुरू झाली.
पीठ जिन्यानं वर आलं
आणि त्यावर बसलं.