पाव गुण

डिचोलीच्या बसस्टँडमागे, पंक्चरच्या दुकानावर
च्यारी सरांचा क्लास. अकरा खुर्च्या, सोळा मुलं,
उरलेली खिडकीच्या कट्ट्यावर.
तेहतीस वर्षांची मी एकटीच,
आणि माझ्या पिशवीत नेहमी भलतंच काही:
सासूच्या बीपीच्या गोळ्या, सुके बांगडे,
धाकट्याच्या वहीला घालायचं तपकिरी कव्हर.

सरांनी फळ्यावर लिहिलं:
पाऊस पडला तर रस्ता ओला होतो.
रस्ता ओला आहे.
म्हणून पाऊस पडला.
निष्कर्ष बरोबर?

मुलं म्हणाली, बरोबर.
मी हात वर केला. टँकर, सर.

पाळीला मी लग्न होऊन आले ती माघात.
पहिल्या सकाळी दार उघडलं तर रस्ता चिंब.
मी विचारलं, रात्री पाऊस पडला?
घर हसलं. दीर तर पोट धरून.
खनिजाची धूळ बसावी म्हणून
पहाटे पाचला खाणीचा टँकर रस्ता भिजवून जातो
हे मोरजीच्या पोरीला कुठून ठाऊक?
आमच्याकडे ओलं म्हणजे समुद्र.

सर थांबले. खडू फुंकला.
म्हणाले, पुस्तकात लिहिणाऱ्याने टँकर पाहिलेला नाही.

मग सर्व, काही, एकही नाही.
सर्व ट्रक लाल आहेत.
काही लाल वस्तू झाडं आहेत.
म्हणून काही ट्रक झाडं आहेत?
वर्तुळं काढली. निघत नाही.
तरी मी पेन्सिल धरून बसले,
कारण आमच्या अंगणात गुरुदासच्या ट्रकच्या हौद्यात
पिंपळ आलाय, माझ्या खांद्याएवढा,
आणि बँकेचा माणूसही आता
त्याच्या सावलीत स्कूटर लावतो.
वहीत लिहिलं: निघत नाही. पण आहे.

शिकलेले सगळे घरीच बसलेत, गुरुदास म्हणतो,
घरी बसून.
(घाईचं सामान्यीकरण. दोन गुण.)

सासू मात्र कधी माझ्या तोंडावर बोलली नाही.
शेजारणीला सांगायची, मासेवालीला सांगायची,
एकदा पोदेरालाही,
तो भोंपू वाजवून पुढे गेला.
हिचो पांय लागलो आनी खण बंद पडली.
माघात मी आले, चवथीआधी खाण बंद.
तारखा तिच्या बरोबर होत्या.
बारा वर्षं मी तारखांशीच भांडत राहिले, मनात.

सरांनी एका गुरुवारी दोनच ओळींत संपवलं:
कावळा बसायला आणि फांदी तुटायला.
आधी घडलं म्हणून कारण होत नाही.
शास्त्रात याला नाव आहे, काकतालीय.
एवढं जुनं नाव!
म्हणजे कुणाला तरी माझ्याआधी
फार आधी
हे ऐकून घ्यावं लागलं होतं.
शेवटच्या बसमध्ये मी तो शब्द
पाच-सहा वेळा पुटपुटले. कंडक्टरने विचारलं, कुठे उतरणार?

परीक्षा पर्वरीला झाली. नव्वद मिनिटं, शंभर प्रश्न.
चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.
बारा मी रिकामे सोडले.

आणि अकराव्या दिवशी गाड्या सुरू झाल्या.
सगळ्या नाहीत, सात-आठ,
पण आवाज तोच, भांडी हलवणारा.
पहाटे टँकर गेला.
सासू ओट्यावर उभी, पदर डोक्यावर,
माझ्याकडे वळली, पहिल्यांदाच सरळ.
परीक्षा दिवन आयली आनी गाड्यो चल्ल्यो.
पांय बरो गो तुजो.
आणि स्वतः उठून चहा टाकायला गेली.

तोच कावळा. तीच फांदी.
प्रश्नाचा प्रकार ओळखला, उत्तर येत होतं,
सरांनी शेजारी बसून तपासलं असतं तरी पूर्ण गुण.
खात्री नसेल तरच सोडा, ते म्हणायचे.
मला खात्री होती.
सोडला.

साखर जरा जास्तच घातली होती तिने.