बटण

मगदूम मालकांच्या धाकट्यानं विचारलं,
"दस्तगीरचाचा, कसा वाटला स्पोर्ट मोड?"
आता काय सांगायचं.
बावीस वर्षं मी जुन्या पिकअपमधनं
शिरोलीची कास्टिंगं वाहिली.
तिला एकच मोड होता:
आज चालू झाली.

गगनबावड्याला माल टाकून रिकामा येत होतो.
कळे मागं पडलं. रस्ता मोकळा,
दोन्ही अंगाला तुरे आलेला ऊस,
आणि गिअरच्या दांड्याशेजारी ते बटण,
शर्टाच्या बटणाएवढंच.
दाबलं.

घड्याळं लाल झाली.
तालमीतला जुना गडी हात मिळवतो
आणि सोडायचं विसरतो,
तसं स्टेअरिंग हातात घट्ट झालं.
काटा चार हजाराच्या वर गेला तरी
गाडी तिसरा गिअर सोडंना.
इंजिनचा आवाज कानानं नाही,
बुडाखालनं ऐकू आला.
माझा डावा पाय अजून क्लच शोधत होता.
बावीस वर्षांचा नोकर,
एका दिवसात कामावरनं कमी केलेला.
उजवा मात्र नुसता टेकवला
की सीट पाठीला येऊन धडकायची.

पुढं उसाची ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
वर आडवा बसलेला एक पोरगा, ऊस खात.
जुन्या गाडीत असलं काही पुढं आलं
की मी तंबाखू मळायला घ्यायचो.
आता हॉर्न पुरा वाजायच्या आत
पोरगा, ट्रॉल्या, ट्रॅक्टर,
सगळं आरशात.

साकवावर मागचं टोक उचललं.
हौदा रिकामा, पाटे कडक,
पोटात जत्रेतला पाळणा वरनं खाली आला.
खोटं कशाला बोलू? हसलो.
एकटाच, मोठ्यानं, काच खाली घेऊन.
पोरगी म्हणते,
अब्बा आधार कार्डावरसुद्धा रागावलेत.

फुलेवाडी गेली, रंकाळा गेला.
बटण बंद करायचं ध्यानातनं गेलं
आणि गंगावेशीत म्हशी आल्या.

अकरा म्हशी. संध्याकाळच्या दुधाला निघालेल्या.
घड्याळं लाल, इंजिन दात खातंय,
वेग सहा.
एकीनं आरशाला शिंग घासलं,
दुसरीनं बंपरला पाठ.
गाडीतले सगळे सेन्सर एकदम ओरडाय लागले,
डावीकडं म्हैस, उजवीकडं म्हैस,
मागं म्हैस, मागं म्हैस.
म्हशी कुणाकडंच बघत नव्हत्या.

बंडा गवळी स्कूटरवर, एक पाय जमिनीला लावत,
खिडकीशी आला.
"दस्तगीर, गाडी रुसलीया व्हय?"
"न्हाई रं. स्पोर्ट मोडला हाय."
त्यानं वाकून लाल घड्याळं बघितली.
मग पुढच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली.
"हिला बी हाय की.
पाडव्याला आला न्हाईस व्हय बघाय?
शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली,
आणि मी पुढं मोटारसायकल काढून
हिच्या नावानं एक हाक मारली.
कंबंल, कंबंल करत गडी मागं पडली,
ही माझ्या चाकाला नाक लावून.
बटण न्हाई, काय न्हाई."
"आणि बाकीचं वरीस?"
"दूध."

कट्ट्यापर्यंत मी त्यांच्या मागनंच गेलो.
मधी कधीतरी बटण दाबलं,
घड्याळं पांढरी झाली,
इंजिन गप्प बसलं
समजूत काढल्यासारखं.

धाकटा अजून उत्तराची वाट बघत होता.
म्हटलं, "चांगलाय. वढ हाय.
रिकाम्या गाडीला नको, मागनं उडती.
सहाशे किलो टाकून जोतिबाच्या चढाला
एकदा बघू, मग सांगतो."
हसल्याचं सांगितलं नाही.

डिझेलचा काटा एक बोट खाली होता.
किल्ली दिल्यावर
तो त्यांच्याजवळ काय बोलला,
ठाऊक नाही.