परात

वैशाखातलं लग्न, पारोळ्याच्या अलीकडे, शाळेच्या मैदानात.
तीन कॅमेरे, तीन कार्डं, आणि त्यांची घड्याळं
सावत्र भावांसारखी:
माझं सात मिनिटं पुढे,
भिकनचं अजून दोन हजार पंधराच्या एक जानेवारीत,
लोटनचं बरोबर, पण ते त्याला ठाऊक नाही.

रात्री दुकानात शटर अर्धं ओढून
मी पट्ट्या एकाखाली एक अंथरतो.
वर चित्र, खाली आवाजाची हिरवी लाट.
कुठंतरी एक ठोका हवा
तिघांनीही ऐकलेला.

मंगलाष्टकं कामाची नाहीत. भटजींचा माईक बसलेला,
शेवटचं सावधान बँडने गिळलं.
फटाके तासभर फुटतच होते,
कुठला कुणाचा, कोण सांगणार.

मग सापडते ती परात.
अभिमन आचाऱ्याच्या हातून निसटलेली,
बट्ट्या उतरवून नुकतीच रिकामी.
मंडपामागच्या फरशीवर आधी काठावर,
मग गरगरत, मग पालथी.
लाटेत ती सुईसारखी उभी:
माझ्या पट्टीत ठेंगणी, भिकनच्या पट्टीत जरा उंच,
लोटनच्या पट्टीत टोक वर कापलेलं,
कारण हा गडी नवरी सोडून
बट्ट्यांचं शूटिंग करत तिथंच उभा,
आणि धडामसरशी कॅमेरा त्याने मंडपाकडे फिरवला.

सुईला सुई लावली.
तीन लग्नांचं एक लग्न झालं.

आता नुसतं निवडायचं. एक, दोन, तीनचं बटण.
अक्षता माझ्यातून. वरमाईचं नाक मुरडणं भिकनमधून
(हे काढावं लागेल, फोन येईल).
त्याआधी परातीचा क्षण तिन्ही खिडक्यांत शेजारी लावून पाहतो,
गंमत म्हणून.

परात पडते.
नवरी वळते. नवरदेवाचा आधी फेटा वळतो, डोकं नंतर.
तिसऱ्या रांगेत झोपलेला म्हातारा
डोळे न उघडता वळतो.
मामा, करवली, कडेवरचं पोर,
ढोलवाल्याची काठी हवेतच.
स्टेजखाली निळ्या शर्टातला,
एक डोळा भिंगाला चिकटवलेला माणूस
वळत नाही.

कामात गुंग असेल.
पंचवीस चौकटी मागे. पुन्हा.
मान तशीच.
लोटन पाठीमागून ओरडतो, त्याचीही लाट दिसते:
"भाऊ, बाजूले व्हय!"
निळा शर्ट जागचा हलत नाही.

हळदीचं कार्ड काढलं.
मग मागच्या महिन्यातलं, धरणगावचं.

बावीस वर्षं बँडच्या तोंडाशी उभा राहिलो,
डावा कान कर्ण्याकडे.
गावाला वाटतं, हा कानाने जुळवतो.
मलाही वाटत होतं.
स्पीकरचं बटण शेवटाला कधी टेकलं?
योगिता एकच वाक्य दोनदा बोलायला लागली
ते कुठल्या उन्हाळ्यात?

भिकनचा कॅमेरा तासाला दोन-तीन चौकटी मागे पडतो.
सुरुवातीला कळत नाही,
ओठ आणि शब्द एकच वाटतात.
रात्र होता होता नवरदेव उखाणा घेतो
आणि बायकोचं नाव त्याच्या मिशीमागून,
जरा उशिराने, बाहेर येतं.
मी पट्टी कापतो, सरकवतो, पुन्हा जोडतो.
हे मला येतं.

परातीचा आवाज पुसून टाकला, वर सनई घातली.
सनई घालण्याआधी तो तुकडा एकदा
तसाच, मुका चालवला:
सगळ्या माना एकदम वळतात,
का ते कळत नाही.
त्या दिवशी मी होतो, तो याच लग्नात.

सकाळी लोटन चहा घेऊन आला.
दारातून काहीतरी म्हणाला. मी ओठ पाहिले.
म्हटलं, पुढच्या लग्नात कॅमेरे सुरू केले
की सगळ्यात आधी टाळी वाजव.
"कसाले, भाऊ?"
जुळवायला.
आणि लांबून नको रे. माझ्या समोर ये,
हात दिसतील असा.