पोटखराबा

कासमभाईंनी बजावलं होतं, ओहोटी लागायच्या आत या,
नाहीतर होडी चिखलात बसेल, मग तुम्ही, मी
आणि कालवं.
पावणेसहाला आम्ही जेटीवर. निहार अर्धवट झोपेत,
भाच्याला मी मगर कबूल केलेली.

खाडीला अजून रंग फुटला नव्हता.
तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर काढून उभी,
वर्गात कुणी प्रश्न विचारलाय
आणि सगळ्यांनाच उत्तर येतंय, अशी.
ही उलटी उगवलीत, निहार म्हणाला.
"श्वास घेतात. पाण्यात राहायचं म्हणून
नाक कोण बुडवील?"

इंजिन बंद केल्यावर ऐकू आलं
चिखलाचं बारीक टिचकणं, हजार ठिकाणी.
निवट्या चालत होत्या
आपण मासे आहोत हे विसरून.
एक खंड्या. मग दुसरा, की तोच.
खडकावर उदाची विष्ठा, कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली.
"रात्री जेवून गेलाय," कासमभाई म्हणाले,
शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.
मगर नव्हती. एक ओंडका होता,
त्याच्याकडे आम्ही वीस मिनिटं पाहिलं.
ओंडक्यानेही.

दुपारी सड्यावर.
भाद्रपद सरत आलेला. कातळावरच्या बोटभर मातीत
सीतेची आसवं, जांभळी, वाऱ्याला न जुमानणारी.
ठकूबाई झोरे म्हशी सोडून पुढे झाली.
"चपला काढा."
मला वाटलं, देव आहे.
"देव न्हाय. रेघ झिजते."

मी मोजणी खात्यात, एकोणीस वर्षं.
रेघ ही माझी भाकरी.
या गटाचा उतारा मला पाठ आहे:
पोटखराबा, लागवडीस अयोग्य, आकार निरंक.
आणि इथे हत्ती आडवा,
खराखुरा हत्ती असतो तेवढा,
पोटात मासे, मोर, शेपूट वळवलेलं काहीतरी,
सगळे एकमेकांना न तुडवता.
कुठल्या रकान्यात बसवू?

पलीकडच्या माशात पावसाचं पाणी राहिलेलं,
पाण्यात बेडकांची पिल्लं,
माशाच्या आकाराबाहेर जाता न येणारी.
"यात आम्ही करवंदं ठेवायचो," ठकूबाई म्हणाली,
"पोरी असताना. मासा भरला की घरी."

कुणी काढलं हे?
"आमच्या आधीच्यांनी."
आणि त्यांना कुणी सांगितलं?
"त्यांनापण हेच सांगितलं."

मग निहार ओरडला. मगर!
चार पाय, लांब शेपटी, तोंड खाडीच्या दिशेला.
"घोरपड ती," ठकूबाई.
ग्रामपंचायतीच्या पाटीवर: अनोळखी प्राणी.
मी काही बोलले नाही.

सड्याच्या टोकाला चिरेखाण.
काटकोनात उतरलेला लाल खड्डा, करवतीचा आवाज,
रचलेले चिरे.
ती हद्द मी घातली आहे.
तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, बूट घालून,
छत्री धरायला कोतवाल, डोक्यात जेवणाची वेळ.
कातळावर वाळकं गवत होतं, धूळ होती.
नकाशा बरोबर आला. एक सेंटिमीटरचाही फरक नाही.
तिपाईचे दोन पाय कुठे टेकवले ते आठवतं,
तिसरा आठवत नाही.

ठकूबाईने हे विचारलं नाही. तिने माझी बाटली घेतली.
"पोराला घोटभर ठेव."
उरलेलं पाणी तिने शेपटीच्या बाजूने ओतलं,
उथळ रेघ असते तिथे उन्हात काही दिसत नाही म्हणून.
पाणी वाट ओळखत गेलं, पाठीवरून,
मानेवरून, उघड्या जबड्यापर्यंत,
आणि जनावर काळंभोर वर आलं.

मगरच, म्हणाला तो.
घोरपड, ती म्हणाली, आणि म्हशींना हाळी घातली.
तळपाय भाजत होते. आम्ही हललो नाही.
रेघ वाळायला लागली,
शेपटीकडून.