मेटलाखचं वळण

या सोमवारी खोली घ्यायची नाही असं ठरवलं.
दिवसाचे एकशे तीस युरो,
गिऱ्हाईक येवो न येवो.
सपाट बूट घातले, साडेनऊची गाडी धरली
आणि सहा वर्षांत पहिल्यांदा
या देशात काहीतरी बघायला निघाले.

मी राडोस्तिना, स्लिव्हेनची. चौतीस पूर्ण.
नगरपालिकेच्या कार्डावर मात्र क्लारा.
टोपणनाव हवं का, कचेरीतल्या बाईंनी विचारलं होतं,
कायद्यात सोय आहे.
फोटो माझा, शिक्का त्यांचा, नाव कुणाचंच नाही.
"स्वखुशीनं करता ना?"
हे दुभाष्यानं फोनवरून विचारलं,
त्याच्यामागे घरात कुणीतरी भांडी घासत होतं.
हो म्हणाले. खरंच होतं ते,
महिनाअखेरीला कुठलंही हो
जितकं खरं असतं तितकं.

पुरुष पलीकडून येतात, फ्रान्समधून.
तिकडे विकत घेणाऱ्याला दंड,
इकडे पार्किंगचीसुद्धा पावती.
शुक्रवारी एका गाडीत चौघे, पेट्रोल वाटून.
सिगारेटी, कॉफीचे डबे, पोरांना चॉकलेट
आणि तिसरा मजला.
तू कुठली, हे सगळेच विचारतात.
एकदा कंटाळून पोर्तुगाल म्हणाले,
तर म्हणतो, वाटलंच, डोळ्यांवरून.
एवढ्या लांब आलेल्या माणसाला
थोडा प्रदेश दिसावा लागतो.

मेटलाखला नदी वळते.
निघून जाते आणि परत स्वतःच्याच अंगाला येते,
मधे झाडीचा डोंगर.
बोटीवरच्या भोंग्यात तीन भाषा होत्या, माझी नव्हती.
मी आलुबुखारचा केक घेतला.
मान वर केली तर समोरच्या बाकावर पॉल.
एक गुरुवार सोडून येणारा,
मोजे न काढणारा,
जाताना चादर स्वतःच्या हातानं सारखी करणारा पॉल.
शेजारी बायको, गुडघ्याला पट्टा.
ती त्याला गिस्लाँ म्हणत होती.

म्हणजे त्यालाही सोय होती तर.
फक्त नोंद नव्हती कुठे.

फोन तिनंच पुढे केला.
आमचा एक काढाल?
तो नदीकडे बघत राहिला,
पाण्यावर काहीतरी बारीक अक्षरात छापलंय असं.
जवळ या, मी म्हणाले.
तो सरकला.
अजून.
पहिल्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले.
फ्रेंच मला वीसेक शब्द येतात,
त्यांत हे होते: डोळे उघड.
म्हटले. बायको हसली, तशीच आली फोटोत,
मागे अख्खं वळण, एक पांढरा पक्षी.
चांगला आलाय. भिंतीवर लावतील.

उतरताना फळीवर तिला हात दिला.
गुडघ्यामुळे सगळा भार माझ्यावर.
तळवा गार होता, अंगठी सैल.
तो पुढे जाऊन गाडीच्या किल्ल्या शोधत उभा,
या खिशात, त्या खिशात.

त्या गुरुवारी तो आला नाही.
मग आला.
मोजे तसेच, वेळ तीच, पैसे मोजून मेजावर.
बोटीचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.
गेल्यावर बघितलं,
चादर तशीच टाकून गेला होता.